मुंडावळ्या बांधलेला राजा

मित्रांनो, पनवेलच्या एका घरातल्या देव्हाऱ्यात, तांब्याच्या तबकात, मूठभर तांदळांवर पडून असलेला मी एक जुना टाक आहे. टाक म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. घरच्या देवांची आणि गेलेल्या पूर्वजांची मुखे चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवतात आणि देवांबरोबर पूजतात, त्यांना टाक म्हणतात. माझ्या एका अंगाला खंडोबा आहे, दुसऱ्या अंगाला एकवीरा आई आहे. त्यांना सोनाराने टाक म्हणूनच घडवले. मी मात्र जन्माने टाक नाही. मी जन्माने नाणे आहे, आणि माझा जन्म इथून इतक्या लांब झाला की तिथे कुणी खंडोबाचे नाव ऐकलेले नव्हते.

हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. थोडा मिरवतोही म्हणा, पण दोन हजार वर्षे टिकलेल्या वस्तूने थोडे मिरवले तर तुम्ही तिला समजून घ्यावे.

माझा जन्म रोमच्या राज्यात झाला. चांदीची एक तापलेली चकती खालच्या छापावर ठेवली, वर दुसरा छाप धरला आणि एका माणसाने घणाचा घाव घातला. एका घावात माझ्या दोन्ही बाजू उमटल्या. तुमची आजची नाणी यंत्रातून एकासारखी एक बाहेर पडतात. आमचे तसे नव्हते. माझा शिक्का किंचित एका बाजूला सरकला आणि कडेला बारीक चिरा गेल्या. त्या माणसाने माझ्याकडे नीट पाहिलेही नाही, लगेच पुढची चकती घेतली. माझ्यावर तिबेरियस नावाच्या बादशहाचे मुख होते. उजवीकडे तोंड, सरळ नाक, घट्ट मिटलेले ओठ. हा माणूस फारसा हसरा नसावा. त्याच्या डोक्याला पानांची माळ बांधली होती आणि तिच्या गाठीची दोन टोके मानेवर लोंबत होती. त्या लोंबत्या टोकांनी पुढे माझे सारे नशीब फिरवले.

मी सैनिकाच्या पगारात गेलो, दारूच्या दुकानात गेलो, व्यापाऱ्याच्या थैलीत गेलो. मग वाळवंट, मग जहाज, मग नुसते पाणी. आमच्याकडच्या लोकांना हिंदुस्थानातली मिरी आणि तलम कापड फार आवडे, आणि त्या बदल्यात ते आम्हाला इकडे पाठवत. कोकणाच्या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा एका सराफाने मला हातावर तोलले आणि गालावर एक बारीक टोचा मारला. आत तांबे आणि वर चांदीचा मुलामा, असा प्रकार नाही ना, हे त्याला पाहायचे होते. चांदी आतपर्यंत निघाली. त्याने मान हलवली. पारख काय असते ते मला तेव्हा प्रथम कळले. त्यानंतर मी कसा हरवलो, ते सांगण्यासारखे नाही. कुणाच्या तरी कमरेची थैली खाडीत पडली, एवढेच. पुढची कित्येक शतके मी चिखलात झोपून काढली.

मला उठवले बळीरामने. शंभरेक वर्षे झाली असतील त्याला. बळीराम हा उरणकडच्या जासई गावचा मिठागरवाला. खाडीचे खारे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हात आटवायचे आणि मीठ ओढायचे, हे त्याच्या घराचे काम. त्याचा धाकटा भाऊ काळूराम. काळूरामचे लग्न ठरले होते आणि अंगाला हळद लागली होती. हळदीच्या त्याच दिवशी पाहुण्यांना आणायला तो होडी घेऊन खाडीत गेला. भरती जोरात होती. होडी सापडली, काळूराम सापडला नाही.

लग्नाआधी असा गेलेला मुलगा घराचा वीर होतो, असे ही माणसे मानतात. त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. पण बळीरामच्या हाताला भावाचा देहच लागला नव्हता, आणि टाक करायचे त्याच्या मनाला येईना. मग पावसाळा सरल्यावर मिठागराचा फुटलेला बांध बांधताना त्याच्या फावड्याला मी लागलो. त्याने मला अंगठ्याने पुसले. आधी नाक दिसले, मग कपाळ, मग कपाळावरून गेलेली पट्टी आणि तिची लोंबती टोके. बळीराम तिथेच चिखलात बसला. त्याला रोम ठाऊक नव्हते, बादशहा ठाऊक नव्हता. त्याला दिसला तो मुंडावळ्या बांधलेला नवरा मुलगा, त्याच खाडीतून वर आलेला.

"कालू आयला," एवढेच तो म्हणाला.

मित्रांनो, ओळख चुकली होती, हे मला कळत होते. पण मी काय करणार? मला बोलता येत नाही. आणि खरे सांगायचे तर इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी हाक मारली नव्हती. बळीरामने मला पनवेलच्या सोनाराकडे नेले. सोनाराने तांब्याची एक वाटी ठोकली, तिच्यात लाख वितळवून भरली आणि मला तिच्यात बसवून वाटीचा काठ माझ्यावर थोडा वळवला. माझी पाठ लाखेत गेली, कड तांब्याखाली गेली, फक्त मुख उघडे राहिले. त्या दिवसापासून मी काळूराम वीर झालो.

माझे ते दिवस मानाचे होते. घरातले कोणतेही लग्न असो, पहिली हळद वीराला. नवऱ्या मुलाच्या आधी माझ्या गालाला हळद लागायची आणि बायका गाणी म्हणायच्या. मुले परीक्षेला जाताना माझ्या पाया पडायची. मला पाय नाहीत, पण तो मुद्दा कुणी काढला नाही. फक्त एका गोष्टीचा मला जाच होता. दर नवरात्राच्या आधी देव उजळायचे म्हणून मला चिंच आणि राख लावून घासत. पुढे बाजारातली पावडर आली. जितके प्रेम जास्त, तितके घासणे जास्त. शंभर वर्षांत बादशहाचे केस गेले, कान गेला, नाकाचा शेंडा गेला. दोन हजार वर्षांच्या चांदीवर जी सावळी छटा चढते, ती पार निघून गेली आणि मी काल केल्यासारखा पांढरा लखलखू लागलो. घरचे म्हणत, वीर कसा चमकतो बघा. मला मात्र आपण दरवर्षी थोडे थोडे संपत चाललो आहोत, हे कळत होते आणि त्याची भीती वाटत होती.

जासईचे मिठागर गेले. तिथे आज कंटेनरची यार्डे आहेत. घर पनवेलला एका इमारतीत आले आणि देव्हाराही आला. आता मला पुजणारी होती हौसाबाई, बळीरामच्या नातवाची बायको. नवरा लवकर गेला, दोन मुलगे तिने वाढवले. थोरला निकेश, धाकटा हितेश. धाकट्याने प्रेमलग्न करून समीक्षाला घरात आणले. थोरल्याचे राहिलेले असताना धाकट्याचे झाले, म्हणून चार माणसे बोलली. निकेश म्हणाला, बोलू द्या, माझे पण होईल.

समीक्षा उरणजवळच्या द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी करते. तिला नाण्यांचा नाद होता. नाद नवा होता, त्यामुळे उत्साह फार आणि माहिती कमी. एकदा तिने इंटरनेटवरून एक रोमन नाणे मागवले. हिरवट, जुनाट, कुठल्याशा दाढीवाल्या राजाचे. घरभर दाखवत फिरली. "दोन हजार वर्षांचं आहे, आई, शंभर टक्के ओरिजिनल." निकेशने ते तळहातावर उडवून पाहिले आणि म्हणाला, "दोन हजार वर्षांचं असून रंग अजून ओला वाटतोय बघ." समीक्षा रुसली. पण मग तिने नखांचा रंग पुसायच्या औषधाने कापसाचा बोळा भिजवून ते पुसले, आणि हिरवा रंग बोळ्यावर आला.

दुसरी कुणी असती तर तिने नाद सोडला असता. समीक्षाने ते खोटे नाणे फेकले नाही, त्यालाच गुरू केले. त्याच्या अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे होते. ओतीव धातूत हवेचे बुडबुडे राहतात, त्याचे ते खड्डे. त्याची अक्षरे वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत होती. त्याच्या कडेला गोल फिरलेली एक रेघ होती, साच्याच्या दोन पाळ्या जिथे जुळतात तिथली. घाव घालून पाडलेल्या नाण्याला अशी रेघ नसते. वजनही पुस्तकात दिले होते त्याहून बरेच कमी भरले. हे सगळे ती देव्हाऱ्यासमोरच्या सोफ्यावर बसून हितेशला मोठ्याने सांगायची. हितेश मोबाइल बघत हं हं म्हणायचा. ऐकत होतो तो मी. खोट्याची लक्षणे ऐकताना मला आपली कड उघडी असती तर किती बरे झाले असते, असे वाटायचे.

मग निकेशचे लग्न ठरले. पत्रिका वाटून झाल्या, हळदीचा मांडव सांगून झाला. आणि उरणच्या रस्त्यावर एका ट्रेलरने त्याच्या मोटरसायकलला धडक दिली. त्याविषयी मी जास्त बोलणार नाही. घरात पुन्हा एक मुलगा हळदीच्या उंबरठ्यावरून गेला. हौसाबाई त्या वर्षात देव्हाऱ्यासमोर रोज बसायची, पण तिने माझ्याकडे काही मागितले नाही. मागण्यासारखे तिचे काही उरले नव्हते.

वर्षश्राद्ध झाले. नवरात्र जवळ आले. तेव्हा तिने हितेश आणि समीक्षा दोघांना बोलावून सांगितले, "निकेशचा टाक करायचा हाय. नवी चांदी नको. कालूराम वीर पार झिजलाय, त्याचं त्वांड दिसत नाय. त्याला आटवायचा. त्याच चांदीत भर घालून दोगं घडवायचं, कालूराम आनि माजा निकेश. एका चांदीतलं दोगं असलं म्हंजे माजा पोर तिकडं एकटा नाय पडनार."

झिजलेले टाक आटवून नवे करणे ही जुनी रीत आहे, तिच्यात वावगे काही नव्हते. मी हादरलो. मरणाची भीती मला नाणे म्हणून वाटली. पण त्या बाईचे तोंड पाहिल्यावर मला तिचा राग येईना. तिला पोराला सोबत द्यायची होती, आणि तिच्याजवळ असलेली सगळ्यात जुनी सोबत मी होतो.

हौसाबाईच्या अंगात त्राण नव्हते, म्हणून सोनाराकडे नेण्यापूर्वी देव उजळायचे काम समीक्षाकडे आले. तिने मला प्रथमच हातात घेतले. इतकी वर्षे ती देवाला हात न लावता लांबून नमस्कार करायची. चिंचेचे पाणी लावणार, एवढ्यात तिला वळवलेल्या तांब्याखालून डोकावणारी अक्षरे दिसली. तिने भिंग आणले. अर्धी अर्धी तीन अक्षरे. मग तिने पट्टी पाहिली, आणि तिची टोके. चिंचेची वाटी तिने बाजूला सारली आणि फोनवर चित्रे शोधू लागली. माझ्या भावंडांची चित्रे पाहून मला भरून आले. त्यांची नाके शाबूत होती.

समीक्षाने माझा फोटो नाणी जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकला. उत्तरे पटापट आली. इतका पांढरा म्हणजे नकली. जुनी चांदी अशी दिसते का? एकाने लिहिले, हा तर दागिन्याचा पत्रा आहे. समीक्षाने फोन उलटा ठेवला. एकदा हसे झाले होते, आणि तेव्हा हसणारा निकेश आता नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मला रुमालात गुंडाळून बाजारातल्या हेतलकडे घेऊन गेली. हेतल ही गुजराती बाई, जुन्या नाण्यांचे दुकान चालवते. तिने दुर्बिणीसारखे भिंग डोळ्याला लावून मला बराच वेळ पाहिले.

"फेस तर बरोबर वाटतो," ती म्हणाली. "अक्षरांची ठेवण पण बरोबर. आणि हा गालावरचा मार्क बघ, जुने सराफ असे टोचून बघायचे. पण समीक्षा, सरफेस पूर्ण गेलाय. वजन करता येत नाही, कारण खाली तांबं आणि लाख आहे. एज, म्हणजे कड, दिसत नाही. ह्याच्यावरून मी ओरिजिनल म्हणणार नाही. मागची बाजू उघडली तरच कळेल."

"आणि घरी ह्याला वीर म्हणतात," समीक्षा म्हणाली.

हेतलने मला परत रुमालात ठेवले. "मग आधी घरी विचार," ती म्हणाली.

घरी समीक्षाने हितेशला सांगितले. तो चिडला. "आईला आता हे सांगणार तू? की शंभर वर्षं जो वीर म्हणून पुजला तो कुठला तरी गोरा राजा आहे? आणि खोटा निघाला तर? मागचं पण शंभर टक्के ओरिजिनल होतं ना तुझं?"

तो चुकीचे बोलत नव्हता. मी खरा निघालो तर सासूचा वीर जाणार होता. मी खोटा निघालो तर सुनेने शोकाच्या घरात उगाच धिंगाणा घातला असे होणार होते. आणि ती गप्प बसली तर मी सोनाराच्या मुशीत वितळून जाणार होतो, आणि मी काय होतो ते पुन्हा कुणालाच कळणार नव्हते. तिच्या जागी मी असतो तर बहुधा गप्प बसलो असतो.

सोनाराचे दुकान जुन्या पनवेलमध्ये आहे. प्रितमशेठ त्याचे मालक. हौसाबाई, हितेश आणि समीक्षा तिघे बसले होते. प्रितमशेठने मूस काढून ठेवली, गॅसची ज्योत लावली आणि मला उचलले. तेवढ्यात समीक्षा म्हणाली, "आई, एक मिनिट. मला काहीतरी सांगायचंय."

आणि तिने सगळे सांगितले. नाणे, बादशहा, पानांची माळ, बळीरामला त्या माळेच्या मुंडावळ्या कशा दिसल्या असतील. हितेशने मान खाली घातली. सगळे ऐकून झाल्यावर हौसाबाईने विचारले, "तुला खात्री हाय?"

"नाही, आई."

"मागच्या टायमाला व्हती?"

"होती."

हौसाबाईने पदर सावरला. "मंग या टायमाला ऐकते तुजं," ती म्हणाली. "शेट, उगडा."

तांबे तसेही आधी काढावेच लागणार होते. प्रितमशेठने वाटी ज्योतीवर धरली. लाख मऊ झाली, काठ चिमट्याने उलगडला आणि शंभर वर्षांनी मी त्या वाटीतून सुटलो. तो तेजाबाच्या बाटलीकडे वळला, पण समीक्षाने त्याचा हात अडवला. "तेजाब नको, शेठ. साधं स्पिरिट द्या." तिने कापसाने माझी पाठ हलक्या हाताने टिपली. घासली नाही, नुसती टिपली. लाखेचा शेवटचा तुकडा निघाला तेव्हा सगळे माझ्यावर वाकले.

माझी पाठ काळसर, सावळी होती. तिला चिंच लागली नव्हती, राख लागली नव्हती. तिच्यावरची अक्षरे टोकदार होती आणि अक्षरांच्या मधोमध एक बाई खुर्चीवर बसली होती. एका हातात दंड, दुसऱ्या हातात डहाळी. तिच्या लुगड्याची चुणीन् चुणी दिसत होती. मी स्वतः तिला इतक्या वर्षांत विसरत आलो होतो.

समीक्षाने मला प्रितमशेठच्या काट्यावर ठेवले. पुस्तकातल्या वजनाहून जरासा कमी भरलो, झिजलो होतो तेवढाच. तिने कड फिरवून पाहिली. रेघ कुठेही नव्हती. घणाच्या घावाने गेलेल्या चिरा होत्या. तिने फोन केला आणि हेतल दोन गल्ल्या चालून दुकानात आली. तिने भिंग लावले, मला उलटसुलट केले, पुन्हा वजन पाहिले.

"खरा आहे," हेतल म्हणाली. "तिबेरियस बादशहाचा. जवळजवळ दोन हजार वर्षांचा."

समीक्षाचे डोळे भरून आले, पण तो आनंद नव्हता. ती सासूकडे पाहत होती. मीही पाहत होतो. नाणे म्हणून मी जिंकलो होतो आणि मला त्याचा काही आनंद होत नव्हता.

हौसाबाईने विचारले, "मंग आमी शंबर वर्सां हलद लावली ती कोनाला? कालूराम कुटं हाय?"

समीक्षा म्हणाली, "मला माहीत नाही, आई." मित्रांनो, मला तोंड असते तर मी सांगितले असते की ज्या नावाने तुम्ही हाक मारलीत, त्या नावाने मी मनातल्या मनात ओ देत आलो. रोममध्ये मला कुणी नावाने हाक मारली नव्हती. पण नाण्याचे बोलणे माणसांना ऐकू जात नाही.

हौसाबाईने हात पुढे केला. समीक्षाने मला तिच्या तळहातावर ठेवले आणि भिंग दिले. तिने मुख पाहिले. मग मला उलटे केले आणि खूप वेळ पाहत राहिली.

"ही बाय कोन?"

"बरेच अभ्यासक म्हणतात, त्या राजाची आई असावी," हेतल म्हणाली. "लिव्हिया नाव तिचं."

"असावी का हाय?"

"नक्की कोणी सांगू शकत नाही, मावशी. काही म्हणतात शांतीची देवी आहे."

हौसाबाईने मान हलवली. "आईच हाय. पोराच्या मागं दुसरं कोन आसं बसून ऱ्हातं." तिने अंगठा त्या बाईवरून फिरवायला उचलला आणि न फिरवताच खाली घेतला. "शंबर वर्सां लाखंत कोंडून ठेवली आमी हिला. शेट, मूस ठेवून द्या. आई नि पोर एका चांदीत हायत. त्यांना आटवून मी माज्या पोराचं काय करू?"

"मग दादाचा टाक?" हितेशने विचारले.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई एकटीच प्रितमशेठकडे गेली आणि येताना रिकाम्या हाताने आली. समीक्षाला कपाटात एक मोकळा डबा दिसला तेव्हा सगळे कळले. त्या डब्यात निकेशचा लहानपणीचा चांदीचा करगोटा होता. निकेशला मुलगा झाला की त्याच्या कमरेला बांधायचा, म्हणून तिने तो इतकी वर्षे जपून ठेवला होता. वीराची चांदी घ्यायची म्हणजे करगोट्याला हात लावायला नको, हे तिच्या मनात होते की काय, कोण जाणे. आता तो तिने दिला. प्रितमशेठने विचारले होते म्हणे, टाकावरच्या मुखाला मुंडावळ्या उठवायच्या का? ती म्हणाली, उठवा.

मित्रांनो, माझी गोष्ट इथवरच आहे. तुम्हाला कधी जुने नाणे सापडले, तर त्याला चिंच, राख, पावडर, काही लावू नका. ते मळलेले वाटते तो मळ नसतो, ते त्याचे वय असते. नाणे विकत घ्याल तर आधी त्याची कड पाहा, वजन पाहा, आणि जो शंभर टक्के म्हणतो त्याला चार प्रश्न विचारा. खोटे हाती आले तर लाजू नका, त्याच्याकडून शिका. आणि कुणाच्या देव्हाऱ्यातली वस्तू तुम्हाला ओळखू आली, तर ती कुणाला किती जवळची आहे हे आधी पाहा, मग बोला. पण बोला. समीक्षा बोलली नसती तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो.

घटस्थापनेच्या सकाळी हौसाबाईने तबकात नवे तांदूळ पसरले. खंडोबा मांडला, एकवीरा आई मांडली आणि त्यांच्या पुढ्यात निकेशचा टाक ठेवला. त्याच्या कपाळाला, गालांना तिने स्वतःच्या बोटाने हळद लावली, अंगाला लागायची राहून गेलेली हळद. मग तिचे बोट सवयीने माझ्याकडे आले आणि थांबले.

"याला नाय लावली तर चालंल ना गं?"

"चालेल, आई. त्यालाच बरं आहे," समीक्षा म्हणाली.

माझ्यासाठी ते चांगलेच होते. तरीही शंभर वर्षांत प्रथमच मी हळदीवाचून राहिलो आणि मला फार वाईट वाटले, हे मी लपवणार नाही. हौसाबाईने बोट पदराला पुसले. मला कडेने धरून उचलले, समीक्षाने शिकवले होते तसे, आणि बसलेली बाई वर येईल अशा बेताने निकेशच्या टाकाला लागून ठेवले. मग ती त्या सावळ्या बाईकडे वाकून हळूच म्हणाली, "बाय, तुजा पोर तुज्यापाशी हाय. आता माज्या पोरावर बी जरा नजर ठेव."